क्लास लावायचा की खाली खेळायला सोडायचं?

शेजारच्या सोसायटीत तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी जिम्नॅस्टिक्सचा क्लास निघाला आणि आमच्या घरी खल सुरू झाला. आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास. लेक चार वर्षांची. क्लास लावावा, की रोज संध्याकाळी खाली खेळते तेवढं पुरे?

आधी साधा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी, त्यातली निदान ६० मिनिटं चांगली दमवणारी. आठवड्याची झाली १,२६०. क्लासची सगळी मिळून ९०. त्यातही मी डेमोला बसले तेव्हा बारा मुलं, एक ताई आणि एकच बीम. लेक त्यावरून दोनदा चालली. बाकीचा बहुतेक वेळ पुढच्या मुलाच्या टीशर्टवरचा डायनासोर बघत रांगेत.

दमायचंच म्हटलं तर अंगणाला तोड नाही. शिवाशिवीत धावणं, गपकन थांबणं, हुलकावणी देणं, सगळं आलं. एका पायावरच्या उड्या चौथ्या वर्षाच्या आसपास जमू लागतात, त्यामुळे लंगडीत आमची दोन-तीन उड्यांतच पाय टेकते. पण ती लिंबूटिंबू! तिच्यावर राज्य येत नाही. मोठ्या मुलांत बिनधास्त चुकत शिकायची ही सोय कुठल्या क्लासात मिळणार?

मात्र ‘मुलं आपोआप शिकतात’ हे मला अर्धंच पटतं. धावणं-चढणं येतं. चेंडू फेकणं-झेलणं नुसत्या मोकळ्या खेळातून फारसं सुधारत नाही. कुणी दाखवून सराव करून घेतला की फरक पडतो, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. लेक उजव्या हाताने फेकताना पायही उजवाच पुढे टाकायची, चेंडू तिच्याच पायाशी पडायचा. क्लासच्या ताईंनी फरशीवर खडूने पाऊल काढलं, ‘डावा पाय इथे.’ तिसऱ्या खेपेला चेंडू भिंतीवर! झेलताना अजून डोळे मिटून छातीशी कवटाळते, ते या वयात चालायचंच. कोलांटीलाही गादी आणि जाणता हात लागतो.

तेव्हा खाली मोकळी जागा आणि चारदोन सवंगडी असतील, तर फी वाचवा आणि रोज दहा मिनिटं स्वतः चेंडू घेऊन उतरा. मोज्यांचा गोळाही चालतो. खाली नुसतं पार्किंग असेल किंवा तुम्हाला घरी यायलाच रात्रीचे आठ वाजत असतील, तर क्लास लावा; फक्त आधी एक दिवस बसून मुलं किती वेळ नुसती उभी असतात ते घड्याळ लावून बघा. तीन वर्षं उलटूनही मूल दोन्ही पायांनी उडी मारत नसेल किंवा सारखं पडत असेल, तर हा वाद बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आम्ही फक्त पावसाळ्याचे चार महिने क्लास लावतोय. सप्टेंबर संपला की लेक पुन्हा खाली, आणि खडू माझ्या पर्समध्ये.