दोन प्राइम की एक झूम? रविवारची भटकंती आणि पहिली ऑर्डर, दोन्ही सांभाळायचं असेल तर

गेल्या काही महिन्यांत तिघाचौघांनी मला हाच प्रश्न विचारला म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सचा कंटाळा आलाय, रविवारी गड-किल्ले, जत्रा, पावसाळ्यात घाट असं फिरणं चालू आहे, आणि आता ओळखीतल्या कुणीतरी विचारलंय की आमच्याकडे मुंज आहे, फोटो काढशील का, पैसे देऊ. पैसे एकदाच घालता येणार आहेत. मग ३५ आणि ८५ मिमी अशा दोन एफ १.८ प्राइम (म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्स) घ्यायच्या की २८-७५ एफ २.८ अशी एकच झूम? नवख्यांसाठी एवढंच, मिमीचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, आणि एफचा आकडा लहान तितकं लेन्समधलं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं, उजेड जास्त पण फोकसमधला पट्टा बारीक.

मी दोन्ही करून बसलोय. आधी अडीच वर्षं दोन प्राइम, नंतर दीड वर्ष झूम, बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, तीच, सोनीची ए७ थ्री. प्राइम सोनीच्याच होत्या आणि झूम टॅमरॉनची जी२, म्हणजे दुसरी आवृत्ती. वापरलेल्या घेतल्या आणि दोन्ही वेळा साधारण सारखेच पैसे गेले, त्यामुळे माझ्यापुरता तरी हा पैशांचा प्रश्न नव्हता. शार्पनेसचे चार्ट तुम्ही बघितलेच असतील, त्यात मी पडत नाही, तिन्ही लेन्स पुरेशा शार्प आहेत.

वजनाचा विषय आधी संपवू कारण ट्रेकवाले पहिलं तेच विचारतात. ३५ भरते २८० ग्रॅम, ८५ भरते ३७१, म्हणजे मिळून साडेसहाशे ग्रॅम झाले. २८-७५ आहे ५४० ग्रॅमची. म्हणजे झूम जड असते म्हणून प्राइम घ्या, हे या जोडीला तरी लागू होत नाही. फरक एवढाच की झूमचं सगळं वजन गळ्यात असतं आणि प्राइमचं अर्धं सॅकमधे. तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगड चढताना मला गळ्यात हलकं बरं वाटलं हे खरं, पण ते अर्धं सॅकमधेच राहिलं, सबंध चढणीत मी ८५ एकदाही बाहेर काढली नाही. आणि एक छोटी गोष्ट, धबधब्यांसाठी पोलरायझर (पाण्यावरची चमक कापणारा फिल्टर) वापरत असाल तर ३५ ला ५५ चा फिल्टर बसतो आणि ८५ ला ६७ चा, म्हणजे एकतर दोन फिल्टर घ्या नाहीतर मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवायची स्टेप-अप रिंग लावत बसा. झूमला एकच ६७.

आता उजेड. इथे प्राइमची बाजू खरंच भक्कम आहे, ते मी नाकारत नाही. एफ १.८ आणि एफ २.८ मधे सव्वा स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे जिथे प्राइमवर आयएसओ (हा वाढवला की कमी उजेडात भागतं पण फोटोत दाणे, म्हणजे नॉइज, येतात) ३२०० ला काम भागतं तिथे झूमवर ८००० च्या आसपास जावं लागतं. जुन्या देवळाचा गाभारा, फक्त समईचा उजेड, आणि गुरुजींनी आधीच सांगून ठेवलंय की फ्लॅश नको, अशा जागी तो फरक डोळ्यांना दिसतो. रात्री कोकणकड्यावर आकाशगंगा काढायची असेल तरी ३५ च हातात हवी.

पण पैशांचं काम सुरू केल्यावर माझ्या एक लक्षात आलं, आणि हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. कार्यक्रमात एफ १.८ वर फोटो काढायची वेळ फार कमी येते. डोहाळजेवणात ओटी भरताना दोन बायका समोरासमोर असतात, एक थोडी पुढे एक थोडी मागे. १.८ वर एकीचे डोळे लख्ख येतात आणि दुसरी धूसर होते, आणि ती दुसरी म्हणजे नेमकी मुलीची आई असते. मग आपण २.८ वर जातो, कधी ३.५ वर, म्हणजे तो जास्तीचा सव्वा स्टॉप पिशवीतच राहतो. एकट्या माणसाचा चेहरा काढायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ८५ एफ १.८ जे देते ते झूम ७५ ला एफ २.८ वर देत नाही. मागची दिव्यांची माळ ८५ वर जशी विरघळते तशी झूमवर विरघळत नाही, थोडी टोचतेच.

आणि ३५ बद्दल तर मला मनापासून चांगलंच बोलायचंय. वारीच्या वेळी दिवेघाटात मी तीच लावून चाललो होतो. झूम असली की माणूस लांब उभा राहतो आणि रिंग फिरवतो, ३५ असली की पुढे जावंच लागतं, हातभर अंतरावर, आणि इतकं जवळ गेल्यावर नुसतं बटण दाबून निघून येता येत नाही, बोलावं लागतं. एका आजींनी डोक्यावरचं तुळशीवृंदावन एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने मला बाजूला घेतलं, "माउली, चालता चालता काढा, उभं राहू नका, मागचे थांबतात" म्हणाल्या. मग मी त्यांच्या बाजूने चालत चालतच फोटो काढला. कपाळावरचा बुक्का घामाने ओघळून भुवईपर्यंत आलेला, वृंदावनाची पितळ उन्हात चमकतीय, आणि मागे सबंध घाटभर भगव्या पताका. तो फोटो मला झूमने मिळाला नसता असं वाटतं, लेन्स कमी पडली असती म्हणून नाही, मी इतका जवळ गेलोच नसतो म्हणून. नवीन शिकणाऱ्याने निदान सहा महिने तरी एकाच ३५ वर काढावेत असं मला आजही वाटतं.

मग मी प्राइम का सोडल्या? लेन्स बदलण्यापायी.

ऐकायला किरकोळ वाटतं, मलाही वाटायचं. सोमवती अमावास्येला जेजुरीला गेलो होतो. खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेवर स्नानाला निघते, आणि ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको की तिथे हवाच पिवळी असते. मूठ-मूठ, ताटं भरभरून भंडारा उधळला जातो, खोबरं उधळलं जातं, येळकोट येळकोटचा गजर चालू असतो. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून रबर लावला होता, फक्त लेन्सचं तोंड बाहेर. ३५ वर गर्दी छान मिळत होती. तेवढ्यात वरच्या अंगाला, पायऱ्यांच्या कडेला एक बाप पोराला खांद्यावर घेऊन उभा दिसला, दोघंही नखशिखान्त पिवळे आणि पोराचे फक्त डोळे तेवढे उघडे. ३५ वर तो ठिपक्याएवढा दिसत होता आणि मधे माणसांची भिंत, पुढे सरकायला वाव नाही. मी दीपमाळेच्या आडोशाला गेलो, वाऱ्याकडे पाठ केली, बॉडीचं तोंड खाली धरलं, सगळं नियमाप्रमाणे, आणि पाच-सात सेकंदांत ८५ लावली. वळून बघतो तर बाप-लेक निघून गेलेले.

फोटो गेला ते एक वेळ ठीक आहे, ते फिरस्तीत चालायचंच. पण त्या पाच-सात सेकंदांत भंडारा आत गेला होता. आपल्या मिररलेसमधे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो, काही नव्या बॉड्यांमधे कॅमेरा बंद केल्यावर शटर खाली येतं, माझ्या बॉडीत ती सोय नाही. घरी येऊन त्या दिवसाचे फोटो बघितले तर काहीच दिसलं नाही, कारण सगळे एफ २, २.८ वरचे. सेन्सरवरचा कण उघड्या अ‍ॅपर्चरवर दिसत नाही, प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो आणि कणाची सावली पसरून फिकी होते. अ‍ॅपर्चर लहान केलं की ती सावली टोकदार होते आणि डाग उमटतो. मी आपला ब्लोअर मारून निवांत.

पुढच्या आठवड्यात माझी पहिली पैशांची ऑर्डर होती, मुंज. सहा हजार ठरले होते, दोन हजार आधी मिळाले होते. मातृभोजनाचे फोटो ३५ वर सुंदर आले, आईच्या हातचा घास घेताना पोरगा कॅमेऱ्याकडे बघून लाजला, तो फोटो त्यांनी पुढे मोठा करून भिंतीवर लावला. मंगलाष्टकांना मी ८५ लावली, बटूचा आणि वडिलांचा चेहरा जवळून हवा होता म्हणून. शेवटचं मंगलाष्टक संपलं, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट बाजूला झाला आणि चारी बाजूंनी अक्षता पडायला लागल्या. ते दृश्य रुंद घ्यायचं असतं. बाप, लेक, वर उंच गेलेले हात, हवेतल्या अक्षता, सगळं एकत्र. ८५ वर माझ्याकडे आला फक्त अर्धा चेहरा आणि कुणाचा तरी हात. लेन्स बदलेपर्यंत अक्षता खाली पडल्या होत्या, आणि "परत टाका जरा" असं मंगलाष्टकांनंतर कुणाला म्हणता येत नाही, म्हणूही नये.

दुपारी कार्यालयाच्या अंगणात ग्रुप फोटो घेतले, तीन रांगा माणसं, म्हणून एफ ८. रात्री कॉम्प्युटरवर उघडले आणि मागच्या पांढऱ्या भिंतीवर सात डाग. प्रत्येक फोटोत, त्याच जागी. एक डाग नेमका आजोबांच्या पांढऱ्या टोपीवर. बेचाळीस ग्रुप फोटो होते, एकेक करून साफ केले, भिंतीवरचे सोपे गेले, पण कपड्यांवर आणि चेहऱ्यांच्या कडेला आलेले काढायला दोन रात्री लागल्या. सेन्सर ब्लोअरने साफ झालाच नाही, हळद चिकटून बसते, शेवटी ओली सफाई करून घ्यावी लागली.

कुणी म्हणेल की जेजुरी हे टोकाचं उदाहरण आहे. असेल. पण आपण फिरतो कुठे ते बघा ना. पावसाळ्यात सह्याद्रीत धुकं आणि भुरभुर असते, उन्हाळ्यातल्या जत्रांत फुफाटा, विसर्जनाला गुलाल, आणि ऑर्डरी सुरू झाल्या की हळदी. आपल्याकडे आनंद झाला की माणसं काही ना काही उधळतात, आणि आपण तिथे लेन्स उघडून उभे. लेन्स बदलायला स्वच्छ, कोरडी, निवांत जागा मला तरी गाडीच्या आत सोडून कुठे मिळालेली नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं की दोन बॉड्या घ्या, एकीवर ३५, एकीवर ८५. बरोबर आहे, मोठं काम करणारे तेच करतात आणि परवडत असेल तर उत्तमच. मीही एका लग्नाला दुसरी बॉडी भाड्याने आणून बघितली. काम झकास झालं, पण भाडं आणि डिपॉझिट जमवता जमवता त्या ऑर्डरीतलं हातात फारसं राहिलं नाही, आणि रविवारी राजगडावर दोन बॉड्या घेऊन मी काही जाणार नाही. सुरुवातीच्या माणसासाठी हे उत्तर जरा पुढचं आहे.

झूमबद्दलही तक्रारी आहेत, लपवत नाही. २८ हे २४ नाही. शहरातल्या फ्लॅटमधे बारसं असेल, पाळणा हॉलच्या कोपऱ्यात आणि भोवती पंधरा बायका, तर पाठ भिंतीला टेकते आणि तरी दोघीजणी फ्रेमबाहेर राहतात. बजेट असेल तर २४-७० बघा, पण मग वजन आणि किंमत दोन्ही चढतात. दुसरं म्हणजे झूमने आळस येतो, मला आला, पहिले दोन महिने माझे सगळे फोटो एकतर २८ वर नाहीतर ७५ वर होते, मधलं काही नाहीच. आणि भिगवणला रोहित पक्षी बघायला जाणार असाल तर या दोन्हीतलं काहीच उपयोगाचं नाही, तिथे ४०० च्या पुढचंच लागतं, ती लेन्स एक दिवसासाठी भाड्याने आणणं शहाणपणाचं.

झूम घेतल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात अंतरपाट धरलेला असताना मी ७५ वर नवरीचे डोळे घेतले. ती खाली बघत होती आणि हातातला हार थरथरत होता. वाजंत्री सुरू झाली तसा डावा हात आपोआप फिरला आणि २८ वर अक्षतांचा पाऊस सबंध मिळाला, आणि लगेच ५० च्या आसपास तिची आई, पदराने डोळे टिपताना. हे सगळं पाच सेकंदांत. तेव्हा आयएसओ ६४०० होता, नॉइज आहे, मला दिसतो. त्या घरच्यांनी त्याबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही, ते आईचा फोटो बघतात.

तुमचं काम वेगळं असू शकतं. घरात, खिडकीच्या उजेडात निवांत पोर्ट्रेट किंवा लहान बाळांचे फोटो करायचे असतील तर दोन प्राइमच घ्या, तिथे लेन्स बदलायला वेळही असतो आणि जागाही. पण गर्दीत, धुळीत, पावसात फिरणं आणि त्याच लेन्सवर घरगुती कार्यक्रमांच्या पहिल्या ऑर्डरी, असं असेल तर मी आधी झूम घेईन, आणि ८५ लागेल त्या दिवशी भाड्याने आणेन.

मी ८५ विकली. ३५ ठेवलीय. यंदा वारीला दिवेघाटात जाईन तेव्हा ती घरूनच लावून निघणार आहे, आणि सासवडला पोचेपर्यंत काढणार नाही.