मेक्सिकोचं क्लिनिक की इथली चाचणी?

पक्षाघातानंतर वडिलांना स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचारासाठी मेक्सिकोच्या क्लिनिकमध्ये न्यावं की सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेल्या इथल्या चाचणीत घालावं, असा एका मित्राला प्रश्न पडलाय.

पैसा: क्लिनिक सहसा आगाऊ घेतं, चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे घेत नाहीत.

धोका: चीन, अर्जेंटिना, मेक्सिकोत स्टेम सेलची इंजेक्शनं घेतलेल्या पक्षाघाताच्या एका रुग्णाच्या पाठीच्या कण्यात परक्या पेशींची गाठ वाढली, २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने ते छापलं. धोका चाचणीतही असतोच, पण एथिक्स कमिटीची (रुग्णांचं हित जपणाऱ्या समितीची) नजर असते, इजेला भरपाईचा नियम आहे. क्लिनिकला एवढंच विचारा: घरी परतल्यावर ताप चढला तर फोन कोण उचलणार? (आणि चाचण्यांच्या अमेरिकन नोंदवहीत क्लिनिकच्या अभ्यासाचं नाव असणं म्हणजे सरकारी मंजुरी नव्हे.)

चाचणीच्या निकषांत बसत असाल, प्लासिबो (औषध नसलेला, नुसता दिसायला तसा उपचार) वाट्याला आला तरी चालणार असेल, तर चाचणी. नसाल, तर तेच पैसे फिजिओथेरपीत घाला. रक्ताच्या काही कर्करोगांत बोन मॅरो ट्रान्सप्लांट हा स्टेम सेलचाच रुळलेला उपचार, पण तो इथे भारतातही होतो. क्लिनिक कुणाला सुचवावं, असा रुग्ण मला तरी दिसत नाही.