पुण्यातली गेम आर्टची डिग्री: फी कुठे वसूल झाली, कुठे नाही

गेम आर्ट अँड डिझाइन, 3 वर्षं, पुण्यातली एक प्रायव्हेट युनिव्हर्सिटी, नाव घेत नाही. मी अमळनेरची. आमच्याकडच्या आणि चोपडा-पारोळ्याच्या दोन-चार पोरापोरींनी विचारलं की ताई ॲडमिशन घ्यावी का, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. माझ्याकडून 5 पैकी साडेतीन.

आधी एक घोळ मिटवा. आर्ट म्हणजे गेममध्ये दिसतं ते सगळं, माणसं, घरं, झाडं, दगड. डिझाइन म्हणजे नियम, लेव्हल, खेळणाऱ्याला कुठे अडवायचं कुठे मोकळं सोडायचं. कोडिंग तिसरंच. ब्रोशरवर आर्ट आणि डिझाइन दोन्ही शब्द मोठ्या अक्षरात होते पण आमच्याकडे डिझाइन एका सेमिस्टरपुरतंच आलं. ज्याला लेव्हल बनवायच्यात त्याने सिलॅबस आधी मागून वाचावा.

दुसरं, आम्ही इतकी इतकी सॉफ्टवेअर शिकवतो असं कोणी सांगितलं तर त्यासाठी फी भरू नका. ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. अनरियल, म्हणजे ज्यात गेम जोडून चालवतात ते इंजिन, तेसुद्धा शिकायला फुकट, तुमच्या गेमने 10 लाख डॉलरच्या वर कमावलं तर वरच्या कमाईवर 5 टक्के. माया हे ब्लेंडरसारखंच पण विकतचं, ते विद्यार्थ्यांना फुकट मिळतं. हे सगळं घरी बसून शिकता येतं, मी निम्मं तसंच शिकले.

मग फी कशाची? शेजारी बसून तुमच्या कामातली चूक दाखवणाऱ्या माणसाची. दुसऱ्या वर्षाला एन्व्हायर्नमेंट प्रोजेक्ट होता, म्हणजे गेममधली एखादी जागा उभी करायची, सगळ्या वर्गाने युरोपातल्या जुन्या खानावळी बनवल्या, मीपण, लाकडी पिंपं वगैरे. सर एवढंच म्हणाले, ह्या दाराची कडी तू कधी हातात धरलीय का? दिवाळीत घरी आले आणि आजीच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराचे मोबाइलवर दोनेकशे फोटो काढले, फोटोंवरून थ्रीडी मॉडेल करायचं म्हणून. भर दुपारी काढले हे चुकलं. उन्हाच्या सावल्या टेक्श्चरमध्येच, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्रातच, छापल्या गेल्या, मग इंजिनात लाइट लावला की सावली दोन दिशांना. दुसऱ्या दिवशी ऊन यायच्या आत परत काढले तेव्हा जमलं. फोटोंच्या स्कॅनमधून लाखो पॉलिगॉनचा, म्हणजे बारीक सपाट तुकड्यांचा, गोळा येतो, तो गेममध्ये तसाच टाकता येत नाही, म्हणून भिंतीचे 2-2 मीटरचे तुकडे, खांब, तुळया असं वेगळं हलकं मॉडेल केलं, बारकावे नॉर्मल मॅपवर बेक केले, म्हणजे खाचाखोचांचा भास देणाऱ्या चित्रात उतरवले, आणि सगळ्या लाकडाला एकच ट्रिम शीट, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं एकच सामायिक टेक्श्चर.

मला वाटलं झालं. सरांनी खांबावर बोट ठेवलं, इथे माणसं टेकून बसतात ना, मग इथलं लाकूड बाकीच्यासारखंच खरखरीत कसं? खरंच, आजीच्या ओट्यावरचा खांब खांद्याच्या उंचीला चकचकीत आहे, पाठी घासून घासून. तेवढ्या भागात रफनेस कमी केला आणि घरात माणसं राहतात असं वाटायला लागलं. हे मला यूट्यूबवर कोणी सांगितलं नसतं.

आमच्या नानांचं पहिल्या दिवसापासून एकच होतं, "हाई शिकीसन काय करशी?" त्यांना लॅपटॉपवर त्या घरात फिरवलं तर ते बराच वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, "चूल त्या कोपरामा व्हती." हलवली.

मामाची चोपड्याची केळीची बाग गेममध्ये बनवताना मात्र घाम निघाला. पान म्हणजे चौकोनी कागदावर पारदर्शक चित्र, अशी शेकडो पानं एकावर एक आली की ग्राफिक्स कार्ड तोच पिक्सेल परत परत रंगवतं आणि गेम अडकतो. पानाच्या आकाराला धरून मॉडेल कापलं, रिकामी जागा कमी केली, लांबची झाडं हलकी ठेवली, मग चाललं.

दीड मार्क कशाचा कापला सांगते. लॅबमधली ग्राफिक्स कार्डं जुनी, सबमिशनच्या आठवड्यात रात्री नंबर लावायचा. तिसऱ्या वर्षात दोनदा फॅकल्टी बदलली. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणजे इंटरव्ह्यूचा कॉल येईपर्यंतच. आणि ज्याचं मला खरंच वाईट वाटतं ते म्हणजे माणसं समोर बसवून ड्रॉइंग करायचे तास कमी कमी करत बंदच केले, ते आज कॅरेक्टर करताना नडतंय.

लॅपटॉप घ्याल तर 16 जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड बघा, स्क्रीनवाला टॅब्लेट लागत नाही, साधा छोटा पुरतो. युनिव्हर्सिटी यूजीसीच्या यादीत आहे का ते स्वतः बघा, एज्युकेशन लोन काढणार असाल तर आधी हेच. आणि कॅम्पस बघायला जाल तेव्हा भिंतीवरची टॉपरची चित्रं बघून येऊ नका, दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही पोराला म्हणा, तुझी फाइल उघड आणि सरांनी त्यात काय काय बदलायला लावलं ते दाखव.