आवडते ट्रेकिंग शूज बंद झाले : शोधाशोध आणि नव्या जोडाचा पावसाळा-हिवाळ्यातला अनुभव

चढताना कुठलाही बूट चालतो. फ्लोटरवर सिंहगड चढणारे आतकरवाडीच्या वाटेवर दर रविवारी दिसतात. बूट कळतो तो उतरताना, आणि माझा जुना जोड उतरताना सोनं होता. राखाडी रंग, घोट्याच्या खालपर्यंत उंची, वर जाड चामडं, खाली मऊसर काळं रबर आणि चवड्यापाशी ऐसपैस जागा. राजगडावर चोर दरवाज्याखाली रेलिंगचा कातळटप्पा आहे ना, तिथे पावसाळ्यात अर्धी मंडळी बूड टेकवून उतरतात. मी उभ्याने उतरायचे. त्यात माझं कौतुक काही नाही, सगळं त्या रबराचं.

मग ते मॉडेल बंद झालं. त्याच नावाचा ‘सुधारित’ जोड आला, त्यात नाव सोडून जुनं काहीच उरलं नव्हतं. सोल कडक, पुढचं टोक निमुळतं आणि पुरुषांचे नंबर थेट सातपासून. मला लागतो सहा.

‘मॅडम, लेडीजमध्ये बघा ना,’ हे वाक्य लक्ष्मी रस्त्यापासून कॅम्पापर्यंत इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मीच आधी सांगायला लागले, लेडीज नको. बायकांसाठी म्हणून येणारे बहुतेक जोड जांभळे किंवा गुलाबी असतात, ते एक वेळ चालवून घेऊ. पण ते पुढे अरुंद असतात. करंगळी दिवसभर चेपलेली राहते आणि तोरण्यासारखा लांब उतार झाला की अंगठ्याचं नख काळंनिळं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. आपली पावलं परदेशी मापांच्या मानाने रुंद असतात, हेच त्यातून पुढे आलं. दुकानातल्या मापांना अजून त्याचा पत्ता नाही.

दरम्यान ग्रुपमधल्या एकाने कुठल्याशा दुकानाच्या माळ्यावरून माझाच जुना जोड पैदा केला. सहा नंबर, न वापरलेला, डब्यातला कागदही तसाच. मी हरखले. तोरण्यावरून वेल्ह्याकडे उतरताना डाव्या पायाचा सोल टाचेपासून सुटला, आणि बघते तर सोल आणि वरचं चामडं यांच्यामधल्या मऊ थराचा खारीसारखा भुगा झालेला. लेसने सोल करकचून बांधून कसंबसं खाली आले. दोष माळ्याचा नाही की दुकानदाराचा नाही. तो मधला थर पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा होता, आणि हवेतला दमटपणा पॉलियुरेथेनला आतून कुजवत राहतो. बूट वापरला नाही म्हणून तो वाचत नाही. वरून मात्र चामडं चकचकीत, काही कळत नाही. त्यामुळे बंद झालेला जोड कुणी ‘नवाकोरा, जुना स्टॉक’ म्हणून विकत असेल तर आधी मधला थर कशाचा आहे ते विचारा. ईव्हीए हा दुसरा फोम असेल तर असा भुगा होत नाही, फार तर कडक होतो.

त्या दिवसानंतर त्याच बुटाचा नाद सोडला आणि त्याचे गुण शोधायला लागले. पहिला गुण रबर. विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती १९३५ मध्ये पुंता रासिका शिखरावर मृत्युमुखी पडले, त्यानंतर त्याने १९३७ मध्ये खाचांचा रबरी सोल आणला. तोच व्हिब्रॅम. तेव्हापासून खोल खाचा म्हणजे चांगला बूट असं समीकरण बसलंय. पण खोल, विरळ खाचा चिखलाच्या कामाच्या. आपल्या बेसॉल्टच्या कातळावर रबर जितकं मऊ आणि जितकं जास्त टेकेल तितकी पकड. म्हणून मी दुकानात बूट उलटा करून सोलवर अंगठ्याचं नख दाबायचे. नख जरा रुतलं तर पुढची बोलणी. दुकानदार तोंडं वाकडी करायचे, करू देत.

शेवटी घेतला तो ट्रेकिंगचा नव्हेच, ट्रेल रनिंगचा, म्हणजे डोंगरवाटांवर पळण्याचा जोड. खाचा साधारण ४ मिलिमीटर, रुंद आणि चपट्या, मधला थर ईव्हीए, पुढे जागा भरपूर, पुरुषांमध्ये सहा नंबर आहे. पाच हजारांच्या आत बसला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा तेही मॉडेल बदललेलं असेल.

आधी वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूच्या मुरमाड उतारावर फिरवून घेतला, मग पावसाळा. ओल्या कातळावर जुन्याच्या तोडीस तोड, हे मी नीट विचार करून लिहितेय. शेवाळावर कुठलंच रबर टिकत नाही, तिथे बाजूने जायचं. लाल चिखलात मात्र हा जुन्यापेक्षा कमी पडतो. खाचा भरल्या की पायाखाली पाटा बांधल्यागत होतं, दर थोड्या वेळाने आपटून झाडावा लागतो. यात वॉटरप्रूफ अस्तर नाही आणि मला ते नकोच होतं. सह्याद्रीच्या पावसात पाणी वरून, घोट्याकडून शिरतं, आणि अस्तर असलं की आतच साचतं. ओढा ओलांडून चार पावलं टाकली की हा बूट निथळतो. घरी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवला की सकाळी पायात घालण्याजोगा.

खरी तक्रार दिवाळीनंतर सुरू झाली. कुसळं! जुन्याचं चामडं कुसळांना दाद द्यायचं नाही. याच्या जाळीतून ती आरपार जातात, मोजा भेदतात आणि पायाला टोचत राहतात. राजगडावर पद्मावती माचीवर बसून चिमट्याने एकेक कुसळ उपटण्यात माझा अख्खा चहा थंड झाला. काढताना काडी हातात येते, टोक आतच. आता गेटर, म्हणजे बुटाच्या तोंडावरून घोट्याला गुंडाळायचं कापडी आवरण घालते. त्याने वरून शिरणारी थांबतात, जाळीतून येणारी नाही. गवताळ पठारांवर जास्त भटकणाऱ्यांनी हा प्रकार घेऊ नये, सरळ सांगते.

सोल पातळ असल्यामुळे हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या धोंड्यांच्या वाटेवर संध्याकाळपर्यंत तळपाय बोलायला लागतात. पाठीवर मुक्कामाची सॅक असेल तर जास्तच. टाचेकडच्या खाचा आत्ताच झिजल्यात, मऊ रबर डांबरी रस्त्यावर भराभर उडतं. म्हणून स्वारगेटपर्यंत आणि एसटीत फ्लोटर, हा बूट पायथ्याला.

नखाचं दुखणं मात्र थांबलं. सगळ्यात वर जे जादा भोक असतं, त्यात लेस उलटी ओवून फास करायचा आणि दुसऱ्या बाजूची लेस त्यातून काढून आवळायची. टाच जागच्या जागी बसते, उतरताना पाऊल पुढे सरकत नाही. चढताना सैल सोडा, नाहीतर घोट्यापुढे काचतं. कंपनीची मूळ लेस गुळगुळीत आहे, सारखी सुटते. चपटी सुती लेस घालून घ्या.

जुन्या जोडाला दहापैकी नऊ दिले असते, याला साडेसात. अर्धा गुण कुसळांनी खाल्ला. याच मॉडेलचा आणखी एक जोड सेलमध्ये घेतलाय, पण डब्यात ठेवलेला नाही. दोन्ही आलटून पालटून वापरते.