गोल्फचा पहिला हात : घरचा, कॅडीचा की प्रशिक्षकाचा?

कोल्हापुरात कोणी ‘गोल्फ शिकायचे म्हणतो’ असे सांगितले, की ऐकणारा दोन प्रश्न हमखास विचारतो : खेळणार कुठे आणि खर्च किती? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र ज्या शहरात पोराला तालमीत घालण्यापूर्वी ‘वस्ताद कोण आहे’ याची चौकशी होते, तिथे तिसरा प्रश्न खरे तर आधी सुचायला हवा, तो म्हणजे पहिल्यांदा काठी हातात कोण देणार? गोल्फ खेळणाऱ्यांची सुरुवात बहुधा तीनपैकी एका वाटेने झालेली असते. कोणाला वडिलांनी किंवा काकांनी मैदानावर नेलेले असते, कोणी दुसऱ्याची पिशवी वाहता वाहता खेळ उचललेला असतो, तर कोणी रीतसर पैसे भरून प्रशिक्षकासमोर उभा राहिलेला असतो. या तीन वाटा इथे शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत, कारण प्रत्येक वाट खेळाचा वेगळा भाग आधी शिकवते आणि वेगळी खोडही लावते. (खेळाच्या हत्याराला आणि तो चालवणाऱ्या संस्थेला, दोघांनाही ‘क्लब’च म्हणतात, घोटाळा टाळण्यासाठी हत्याराला मी सरळ काठी म्हणणार आहे.)

पहिल्या हाताला एवढे महत्त्व का, हे आपल्याकडच्या क्रिकेट खेळलेल्या माणसाला चटकन पटेल. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर आणि उजवा खाली, एवढ्यापुरते बॅट आणि गोल्फची काठी यांत साम्य आहे, आणि फसगत नेमकी या साम्यामुळे होते. बॅट धरताना दोन्ही हात आपापले काम करतात. गोल्फमध्ये मात्र सर्वांत रूढ पकडीत उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर चढते आणि दोन्ही हात मिळून एकच हात असल्यासारखे चालावे लागतात. शिवाय क्रिकेटमध्ये चेंडू उचलायचा तर आपण बॅट खालून वर नेतो. गोल्फमध्ये गवतावर पडलेला चेंडू आयर्नने, म्हणजे कललेल्या धातूच्या पात्याच्या काठीने, मारताना काठी खाली उतरत असतानाच चेंडूला भिडली पाहिजे, कारण उचलण्याचे काम पात्याच्या कलाने करायचे असते. सात नंबरच्या आयर्नला हा कल सुमारे तीस अंशांचा असतो. चेंडू आपण उचलायला गेलो, की काठीची खालची कड त्याच्या डोक्याला लागते आणि तो जमिनीला घासत दहा पावले जाऊन थांबतो. ही खोड एकदा बसली, की तालमीत चुकीचा शिकलेला डाव मोडण्याइतकीच ती काढणे जिकिरीचे होते.

घरच्या वाटेबद्दल मी अधिक सांगणार आहे, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली. माझे चुलते लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली दोन वर्षे त्यांच्याकडे छावणीच्या गोल्फ मैदानाची देखभाल होती आणि साहेब लोक परतल्यावर संध्याकाळी चार चेंडू मारायची मुभा त्यांना मिळत असे. निवृत्तीनंतर पेन्शनीच्या कागदांबरोबर एक जुना पटर (चेंडू जमिनीवरून होलमध्ये सरकवण्याची काठी) आणि एक आयर्न घरी आला. मंगळवार पेठेतल्या आमच्या सोप्यात त्यांनी एक फुलपात्र आडवे ठेवले आणि मला बारा फुटांवरून त्यात चेंडू घालायला सांगितले. गोल्फच्या होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो आणि फुलपात्राचे तोंड त्याहून बरेच लहान, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. चेंडू शहाबादी फरशीच्या सांध्यावरून गेला, की केसभर वळायचा आणि फुलपात्राच्या कडेला टण्ण वाजून बाजूला जायचा. माझी मूठ आवळलेली पाहून काका म्हणाले, “आरं, चरकात ऊस घालतोयस का काठी धरतोयस? बोटं ढिली सोड.” पुढचे दोन महिने मी फक्त तेवढेच केले, आणि आज माझ्या खेळातली जी एकच गोष्ट लोक चांगली म्हणतात, ती म्हणजे पटिंग.

हा योगायोग नाही. पूर्ण मैदानाचा पार, म्हणजे चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित फटक्यांचा आकडा, बहुधा 72 असतो आणि त्यात प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, दोन, म्हणजे अठरा होलमध्ये छत्तीस पट (पटरचे फटके) गृहीत धरलेले असतात. निम्मा खेळ जमिनीवरून हळूच सरकवण्याचा आहे, आणि तो सोप्यात, गच्चीवर किंवा अंगणात, बिनपैशात शिकता येतो. घरची वाट दुसरी गोष्ट शिकवते ती रीत. समोरचा मारत असताना स्तब्ध उभे राहणे, दुसऱ्याच्या चेंडूच्या आणि होलच्या मधल्या रेषेवर पाय न देणे, वाळूच्या खड्ड्यातून निघताना आपल्या पावलांचे ठसे दंताळ्याने पुसणे, चेंडू भलतीकडे गेला तर ‘फोर’ अशी आरोळी ठोकणे, हे सारे वडीलधाऱ्याबरोबर चालताना न शिकवताच अंगी लागते. कमी कसबाच्या खेळाडूला काही फटक्यांची सूट देणाऱ्या हँडिकॅपच्या पद्धतीमुळे अडुसष्ट वर्षांचा काका आणि पस्तिशीचा पुतण्या एकाच डावात बरोबरीने झुंजू शकतात, ही सोय किती खेळांत आहे?

मोठ्या खेळाडूंतही ही वाट दिसते. मिल्खा सिंग धावणे थांबवल्यावर गोल्फकडे वळले आणि त्यांचा मुलगा जीव मिल्खा सिंग 1998 मध्ये युरोपियन टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत पोहोचलेला पहिला भारतीय ठरला. अनिर्बन लाहिरी याला लष्करात डॉक्टर असलेल्या वडिलांनी वयाच्या आठव्या वर्षी खेळाची ओळख करून दिली. कर्णबधिर आणि डावखुरी असलेली दीक्षा डागर हिला शिकवणारे तिचे वडीलही लष्करी अधिकारी. छावणी, वडील आणि मैदान हे त्रिकूट भारतीय गोल्फमध्ये वारंवार भेटते, आणि घरटी एक जवान असलेल्या आपल्या पट्ट्यात ते अपरिचित वाटू नये.

घरच्या वाटेचा दोषही मी भोगला आहे. काकांनी स्वतः पाहून पाहून उचललेली पकड बॅटचीच होती आणि ती त्यांनी मला जशीच्या तशी दिली. पटरला ती चालून गेली. आयर्न हातात घेतल्यावर मात्र चेंडू एकतर जमिनीला घासत जाई, नाहीतर उजवीकडे केळ्यासारखा वळून नाहीसा होई. प्रेमाने दिलेली चूक नाकारायला अवघड जाते, आणि काकांसमोर ‘तुमचे चुकते आहे’ म्हणण्याची माझी तरी छाती झाली नाही.

दुसरी वाट कॅडीची, म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणाऱ्याची. कोल्हापुरातल्या नोकरदार वाचकाला ही वाट उघडी नाही आणि शाळेच्या वयातल्या मुलाने पोटासाठी पिशवी वाहावी, असे मी म्हणणार नाही. तरीही तिला तुलनेतून वगळता येत नाही, कारण या वाटेने आलेल्यांनी भारतीय गोल्फचा चेहरा बदलला. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी असलेला अली शेर 1991 मध्ये इंडियन ओपन ही भारताची खुली स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला आणि 1993 मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. एसएसपी चौरसिया याचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळीची निगा राखत. 1829 मध्ये स्थापन झालेल्या, ब्रिटिश बेटांबाहेरच्या या सर्वांत जुन्या गोल्फ क्लबच्या आवारातच तो वाढला, आणि पुढे 2016 व 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन त्याने जिंकली. चिप (ग्रीनच्या कडेवरून मारलेला छोटा फटका) आणि पट यांवरच्या हुकमतीमुळे त्याला ‘चिपपुट्सिया’ हे नाव पडले. ज्याला लांब फटके मारायला मोकळे मैदान मिळत नाही, पण ग्रीनच्या कडेला पडलेला वेळ मुबलक मिळतो, त्याचा हात जवळच्या खेळात तयार होणारच. कॅडी दिवसभर दुसऱ्याच्या चुका पाहतो, उतार वाचतो आणि कोणत्या अंतराला कोणती काठी द्यायची हे त्याला मालकाआधी कळते.

ही नजर उसनी घेता येते. ओळखीचा कोणी खेळत असेल, तर पहिल्या फेरीला स्वतः न खेळता त्याच्याबरोबर नुसते चालावे आणि जमल्यास पिशवी आपल्या खांद्यावर घ्यावी. अठरा होलला चार तासांहून अधिक वेळ लागतो आणि सात-आठ किलोमीटर चाल होते. एवढा वेळ आपल्याकडे आहे का आणि हा खेळ पाहताना आपल्याला कंटाळा येतो का, या दोन्हींचा निकाल एका सकाळीत लागतो. काठ्यांचा संच विकत घेण्यापूर्वी ही परीक्षा दिलेली बरी. नियमाने पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात, पण नवशिक्याला त्यांतल्या चारसुद्धा पुरतात. दुकानदार ही गोष्ट स्वतःहून सांगत नाही.

तिसरी वाट प्रशिक्षकाची. तिचे रूप ठरलेले असते : ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, बादलीभर चेंडू, समोर अंतराच्या पाट्या, आणि मागे हाताची घडी घालून उभा असलेला माणूस. कोल्हापूरकराला नियमित शिकवणीसाठी मुख्यतः पुण्याचा विचार करावा लागतो. तिथे येरवड्याचे जुने अठरा होलचे मैदान आहे, लवळ्याच्या बाजूला डोंगरउतारावरचे नवे मैदान आहे. मात्र अंतर सुमारे 230 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दिवस मोडतो. फीपेक्षा हा प्रवास महाग पडतो, आणि दर आठवड्याला जाईन असा संकल्प करणाऱ्याचा उत्साह दुसऱ्या महिन्यात सातारा रस्त्यावरच कुठेतरी गळतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

तरीही ती फी वाया गेली असे मला वाटत नाही. पहिल्या दिवशी प्रशिक्षकाने मला एकही चेंडू मारू दिला नाही. माझे हात काठीवर ठेवून पाहिले, उजव्या हाताचा अंगठा काठीच्या माथ्यावरून जरा डावीकडे सरकवला, करंगळी उचलून डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेत बसवली आणि विचारले, “क्रिकेट किती वर्षे खेळलात?” नव्या पकडीने पहिले कित्येक चेंडू जुन्या पकडीपेक्षाही वाईट गेले. नंतर एक चेंडू असा गेला, की हाताला काही लागल्याचे जाणवलेच नाही, फक्त एक कोरडा आवाज आला आणि चेंडू शंभराच्या पाटीवरून सरळ पलीकडे पडला. जुनी मूठ सुटायला मात्र पुढे सहा महिने लागले. हीच पकड पहिल्या आठवड्यात कोणी दाखवली असती, तर ते सहा महिने वाचले असते.

रेंजचीही एक खोड आहे. तिथे चेंडू नेहमी सपाट चटईवर असतो, वारा क्वचितच विचारात घेतला जातो आणि चुकलेल्या फटक्याची काही किंमत मोजावी लागत नाही. नुसत्या रेंजवर तयार झालेला माणूस प्रत्यक्ष मैदानावर उतारावरच्या गवतात उभा राहिला, की गोंधळतो, आणि हरवलेला चेंडू शोधायला नियमाने तीनच मिनिटे मिळतात हे त्याला तिथे कळते.

कंपनीच्या सहलीतला ‘गोल्फ दिवस’ किंवा मॉलमधले पडद्यावरचे गोल्फ यांना मी चौथी वाट मानत नाही. तिथे पहिल्याच मिनिटाला हातात ड्रायव्हर दिला जातो, म्हणजे पिशवीतली सर्वांत लांब आणि नवशिक्याला सर्वांत कठीण काठी. मौज म्हणून ठीक; त्यावरून आपल्याला खेळ जमतो की नाही, हे ठरवू नये.

आता निवड. स्वतः तिशी-चाळिशीत असाल आणि क्रिकेटचा हात असेल, तर पैसे खर्चून आधी प्रशिक्षकाकडे जावे, पण दर आठवड्याच्या शिकवणीसाठी नव्हे. सुरुवातीला लागोपाठ दोन-तीन दिवस पुण्यात मुक्काम करून पकड, उभे राहणे आणि अर्धा फटका एवढेच पक्के करून घ्यावे, आपली चित्रफीत काढून आणावी, आणि मग कोल्हापुरात घरी रोज पंधरा मिनिटे पटिंग व चेंडूविना अर्धा फटका घोटावा. घरात जाणकार वडीलधारे असतील, तर त्यांच्याकडून रीत आणि पटिंग जरूर घ्यावे. पूर्ण फटक्याची पकड मात्र शिकलेल्या माणसाला एकदा दाखवून घ्यावी.

मूल आठ-दहा वर्षांचे असेल, तर माझा कौल उलटा आहे. मुलाला आधी खेळाची गोडी लागू द्यावी. अदिती अशोक पाच वर्षांची असताना बेंगळुरूमध्ये न्याहारीच्या जागेवरून तिला गोल्फचे मैदान दिसायचे आणि तिथे काय चालले आहे याचे तिला कुतूहल वाटले, तेवढ्यावर सुरुवात झाली; घरात गोल्फची परंपरा नव्हती. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये वडिलांनी तिची पिशवी वाहिली, टोकियोत आईने, आणि तिथे तिचे कांस्यपदक एका फटक्याने हुकले. मुलाबरोबर आई-बापाने स्वतः शिकायला उभे राहणे, हा घरच्या वाटेचा सर्वांत चांगला प्रकार मला वाटतो, कारण त्यात चुकीची पकड वारसाहक्काने देणारा कोणी नसतो. मुलाला मोठ्यांची काठी कापून देऊ नये, ती त्याच्यासाठी जड आणि ताठ राहते. डावखुऱ्या मुलासाठी आधी फोन करून विचारावे, कारण भाड्याने मिळणाऱ्या काठ्या बहुतेक उजव्या हाताच्याच असतात.

मुहूर्त म्हणाल तर दिवाळीनंतरचा. आपल्या पावसात मऊ जमिनीत चेंडू अर्धा रुतून बसतो आणि नवशिक्याच्या हाती चिखलाखेरीज काही लागत नाही. पहिल्या खेपेला काठ्या भाड्याने घ्याव्यात, कॉलरचा शर्ट आणि सपाट तळाचे बूट घालावेत, आणि सभासद नसलेल्याला रेंज कोणत्या वेळी खुली असते ते आदल्या दिवशी विचारून ठेवावे. फुलपात्र मात्र आजच आडवे ठेवायला हरकत नाही.