जाड तार बघून भुललो: जुनी शिडाची बोट घेताना झालेली फसवणूक

जुनी छोटी शिडाची बोट घ्यायच्या विचारात असाल आणि विकणारा सारखं सांगत असेल की रिगिंग (म्हणजे डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा) दोन साइज वाढवलंय, सगळं हेवी ड्युटी आहे, तर जरा थांबा आणि हे वाचा. माझी आणि माझ्या भावाची यात पुरती फसवणूक झाली, पैसे गेले ते गेलेच पण एका दुपारी डोलकाठी अंगावर यायचीच बाकी होती, म्हणून जसं घडलं तसं लिहितेय, थोडं लांबेल.

बोट २२ फुटांची, १९७० च्या दशकातली, फायबरची. हल म्हणजे बोटीचं खालचं मुख्य अंग चांगलं होतं, अजूनही आहे. विकणारे गृहस्थ वयाने मोठे, बोलायला गोड, पहिल्याच भेटीत आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. त्यांनी आम्हाला आधी डोलकाठीपाशीच नेलं. मूळ बोटीला ४ मिमीची तार होती ती काढून त्यांनी ६ मिमीची टाकलेली, खाली तार आवळायचे अंगठ्यापेक्षा जाड टर्नबकल, केबिनच्या छतावर दोर ओढायच्या दोन मोठ्या विंच, डेकवर दोर बांधायचे चकचकीत नवे क्लीट, सगळं स्टेनलेस. श्राउडला, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणाऱ्या तारेला, धरून ते स्वतः लटकले आणि म्हणाले, "बघ बेटा, ही तार आता तुटणं शक्य नाही, कसल्याही समुद्रात ने." आम्ही सर्व्हेयरचा, म्हणजे बोट तपासून देणाऱ्या जाणकाराचा, विषय काढला तर म्हणाले, "आणा की, पण कंपनीने दिलं त्याच्यापेक्षा जास्त मजबूत आहे एवढंच तो सांगणार, आणि उद्या दुसरे लोक बघायला येतायत." आम्ही सर्व्हेयर आणला नाही. चूक आमचीच, ती कबूल करते, पण त्यांनी जे केलं ते चूक नव्हतं, ते ठरवून केलेलं होतं, ते कसं कळलं ते पुढे येईलच.

तार मात्र खरी निघाली हे आधी सांगते. ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची, एकोणीस तारांची पीळ असलेली, रिगिंगला लागते तीच. तारेत त्यांनी फसवलं नाही आणि म्हणूनच बाकी सगळं आमच्या गळी उतरलं. तारेची ताकद व्यासाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे ४ ची ६ मिमी केली की ताकद सव्वादोन पट, साधारण दीड टनावर तुटणारी तार तीन टनांच्या पुढे जाते. ऐकायला भारी वाटतं. पण तार एकटी काही धरत नाही ना, ती खाली पिनमध्ये अडकते, पिन चेनप्लेट नावाच्या धातूच्या पट्टीत, चेनप्लेट डेकमधून खाली जाऊन केबिनच्या आडव्या भिंतीला म्हणजे बल्कहेडला बोल्टने लावलेली, आणि ती भिंत हलला चिकटवलेली. यातलं जे सगळ्यात कच्चं तेवढीच तुमच्या रिगिंगची ताकद. तार बदलणं एका दिवसाचं काम आहे आणि सगळ्यांना दिसतं. बल्कहेड बदलणं महिन्याभराचं घाण काम आणि ते कुणाला दिसतही नाही.

पहिल्या दोन फेऱ्यांतच बोट विचित्र वागत होती. हलक्या वाऱ्यात नको तेवढी कलायची. आम्हाला वाटलं आपल्याला अजून जमत नाही. नंतर हिशोब केला तेव्हा कळलं की सगळी तार मिळून साधारण ५० मीटर, ४ मिमीची मीटरला ८० ग्रॅमच्या आसपास आणि ६ मिमीची १८० च्या आसपास, म्हणजे पाच किलो जादा, तेही बरंचसं उंचावर. पाच किलो म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण बोट जिथून कलते तिथून ते वजन कितीतरी मीटर वर आहे आणि बोटीच्या तळाच्या कीलचं वजन जेमतेम मीटरभर खाली, त्यामुळे वरच्या एका किलोला तोलायला खाली चार-पाच किलो लागतात. २२ फुटांच्या बोटीला हे जाणवतं.

दुसरी खूण म्हणजे पुढच्या छोट्या केबिनचं दार. डोलकाठीच्या बरोबर खालचं. पहिल्या दिवशी नीट लागत होतं, तिसऱ्या आठवड्यात अडकायला लागलं. आम्ही रंधा आणून कडेने घासलं, झालं. आज वाटतं तेव्हाच बोट बाहेर काढायला हवी होती, कारण दार फुगलं नव्हतं, वरचा डेक डोलकाठीखाली दबत होता आणि चौकट तिरकी होत होती.

का दबत होता तर ताणामुळे. काकांनी आम्हाला श्राउड ताणायची पद्धत शिकवली होती, तारेचा दोन मीटरचा तुकडा मोजायचा आणि तो तीन मिलिमीटर लांब होईपर्यंत टर्नबकल आवळायचा. पद्धत बरोबर आहे, रिगर लोक वापरतात, तीन मिलिमीटर म्हणजे तार तुटायच्या भाराच्या १५ टक्के. पण १५ टक्के कशाचे? ४ मिमीला ते सव्वादोनशे किलोच्या आसपास होतात आणि ६ मिमीला पावणेपाचशेच्या. म्हणजे बोट ज्या भारासाठी बनवली त्याच्या दुपटीहून जास्त ताण आम्ही प्रत्येक श्राउडला स्वतःच्या हाताने, मोजून मापून देत होतो, आणि हा सगळा भार डोलकाठी खाली डेकवर दाबत होती. जाड तारेचा हा धोका कुणी सांगत नाही.

मग तो दिवस. वारा १५ नॉट्सच्या आसपास, फार नाही, वारा उजवीकडून, भाऊ सुकाणूवर. खालून कर्रकन आवाज आला, लाकूड चिरताना येतो तसा. मी वळून बघितलं तर उजवीकडची मुख्य चेनप्लेट डेकमधून इंचभर वर आलेली, तिच्याभोवतीची स्टेनलेसची पट्टी उचकटलेली आणि ती जाडजूड तार चक्क ढिली पडलेली. मी ओरडले, "दादा, शीड सोड!" त्याने मेनशीट म्हणजे मोठ्या शिडाचा दोर सोडला आणि लगेच बोट फिरवून वारा डाव्या बाजूला घेतला, म्हणजे भार चांगल्या बाजूवर गेला. त्याने तेवढं केलं नसतं तर डोलकाठी गेलीच होती. शिडं खाली घेतली, उजव्या बाजूला आधार म्हणून एक मोकळा हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर) आणून नव्या मोठ्या क्लीटला बांधून ताणला तर तो क्लीटच हातात आला, चार छोटे स्क्रू, खाली ना नट ना प्लेट. शेवटी मागच्या एका जुन्या, बोटीसोबत आलेल्या क्लीटला बांधला. तो टिकला. पन्नास वर्षांचा जुना क्लीट टिकला आणि नवा उपटून आला, ते बघून माझे हात थरथरायला लागले ते इंजिनवर किनाऱ्याला येईपर्यंत थांबले नाहीत.

आता सर्व्हेयर आला, जो आधी यायला हवा होता. प्लॅस्टिकच्या छोट्या हातोडीने डेकवर टकटक करत गेला, चांगल्या जागी खणखणीत आवाज आणि चेनप्लेटच्या आजूबाजूला एकदम भद्द. या बोटींचा डेक म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये बाल्सा लाकूड, भोक पाडून कडा नीट सील केल्या नाहीत की पाणी बाल्सात शिरतं आणि आतल्या आत कुजवतं. खरं तर भोक मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं आणि मग त्या इपॉक्सीत बोल्टचं भोक पाडायचं, म्हणजे पाणी लाकडापर्यंत जातच नाही. आमच्या बोटीत विंचच्या आणि क्लीटच्या एकाही भोकाला हे केलेलं नव्हतं. म्हणजे जेवढं जास्त "मजबूत" सामान लावलं तेवढी पाणी आत जायची भोकं वाढली.

चेनप्लेट बाहेर काढली ती मी जपून ठेवलीये. डेकच्या जाडीत जो भाग लपतो तिथे तपकिरी खड्डे आणि एक केसाएवढी चीर. स्टेनलेसला गंज न लागण्यासाठी हवा लागते, ऑक्सिजन मिळाला तरच वरचा संरक्षक थर टिकतो, आणि सीलंटखाली ओल्या फटीत तो मिळत नाही, मग आतून खातं, बाहेरून चकचकीत. आणि वरचं भोक! ४ मिमीच्या तारेला साधारण ८ मिमीची पिन लागते, ६ मिमीला १२ ची. ती पिन जावी म्हणून जुन्या चेनप्लेटचं भोक हातड्रिलने मोठं केलेलं, तेही मधोमध नाही. पट्टी २५ मिमी रुंद, आधी भोकाच्या दोन्ही बाजूंना साडेआठ मिमी धातू होता, आता एका बाजूला पाचच उरलेला. तार सव्वादोन पट मजबूत करायला गेले आणि ती जिथे अडकते तीच जागा कमजोर करून ठेवली.

डोलकाठीवरही तेच. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचे बोल्ट, मध्ये कसलाच इन्सुलेशनचा थर नाही, भोवती पांढरी पावडर जमलेली, आणि एकाच उंचीवर गोलाकार चार भोकं. सर्व्हेयर म्हणाला की इथून मोडेल अशी रेघच आखून दिलीये.

काकांना हे माहीत होतं का, हा प्रश्न मला रात्र रात्र छळत होता, कारण माणूस चांगला वाटला होता. उत्तर बल्कहेडने दिलं. त्यावर लाकडी व्हेनियरचं नवं सुंदर पॅनल होतं, आम्ही त्याचं कौतुकही केलं होतं. ते काढलं तर मागचं प्लायवूड काळं, ओलं, स्क्रूड्रायव्हर बोटभर आत जाईल असं. आणि सडलेल्या भागाभोवती पेन्सिलने नीट गोल काढलेला, पॅनलचे सगळे स्क्रू बरोब्बर त्या गोलाच्या बाहेर, जिथे लाकूड अजून धरत होतं. ज्याने तो गोल काढला त्याने सडकं लाकूड बोटाने चाचपून बघितलं होतं. ते पॅनल बसवणारा कोण, तर स्वतः काकाच, कारण "बोटीचं सगळं काम माझ्या हातचं आहे" हे त्यांनीच आम्हाला अभिमानाने सांगितलं होतं.

फोन केला. मी म्हटलं, "काका, पॅनलमागे पेन्सिलची खूण आहे." ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बोट जुनी आहे, जशी आहे तशी घेतलीत, कागदावर सही आहे." त्यानंतर फोन उचलला नाही. वकिलांनी तो कागद वाचून सांगितलं की त्यांना माहीत असून लपवलं हे सिद्ध करावं लागेल, तर पॅनल, चेनप्लेट आणि पेन्सिलच्या खुणेचे फोटो तारखेसकट सांभाळून ठेवा, ते ठेवलेत, केस अजून उभी राहायचीये.

बोट आम्ही सोडली नाही. बल्कहेडचा सडका भाग कापून नवीन मरीन प्लाय घातलं, नव्या चेनप्लेट मूळ मापाच्या, जुनी भोकं इपॉक्सीने भरली, आणि तार परत ४ मिमी. उजवी बाजू पूर्ण झालीये, डावी उघडी पडलीये, तिथलंही लाकूड काळं निघालंय.

तुम्ही बोट बघायला जाल तेव्हा जाडी मोजायला व्हर्नियर, टॉर्च आणि प्लॅस्टिकची हातोडी न्या, बोट बनवली तेव्हा तार कितीची होती ते आधी शोधून ठेवा आणि पिनच्या भोकाभोवती किती धातू उरलाय ते मोजा. चेनप्लेट जिथे बल्कहेडला लागते ती जागा उघडी करून मागा, केबिनमध्ये पॅनल नवं दिसलं तर ते आधी. चिकटवलंय, काढता येत नाही असं उत्तर मिळालं तर टोकन देऊ नका.