लिलीपॉन्ड : स्टँडवर ठेवलेल्या पानाची परीक्षा

संगणकावर पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिण्याच्या साधनांची तुलना बहुधा सोयींवरून होते. स्वर किती झटपट भरता येतात आणि लिहिलेले लगेच ऐकता येते का, हे आधी विचारले जाते. पान छापून स्टँडवर ठेवले आणि वादक हातभर अंतरावरून ते वाचू लागला, की या सोयींपैकी एकही त्याच्या उपयोगी पडत नाही. त्या वेळी पानावरील शाई आणि मोकळी जागा एवढ्यावरच सारे अवलंबून असते. म्हणून हे परीक्षण लिलीपॉन्ड या स्वरलेखनाच्या साधनातून निघणाऱ्या छापील पानाचे आहे आणि इतर गोष्टी पानाशी जितक्या जोडलेल्या आहेत तितक्याच त्यात आल्या आहेत.

हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन यांनी १९९६ साली सुरू केलेला हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिवारातला असून विनामूल्य मिळतो. संगणकावर तयार झालेली पाने कोरडी आणि यांत्रिक दिसतात, ही त्यामागची मूळ तक्रार होती आणि जुनी, हाताने कोरलेली छपाई हा त्यांचा मापदंड होता. त्या पद्धतीत कारागीर मऊ धातूच्या पत्र्यावर पाच दातांच्या हत्याराने स्टाफच्या, म्हणजे ज्यांवर स्वर लिहितात त्या पाच आडव्या, रेषा ओढत असे, चिन्हे पोलादी ठशांवर हातोडी मारून उमटवत असे आणि स्लरसारखे (स्वर जोडून वाजवण्याची खूण असलेले) वक्र कोरणीने काढत असे; हे सर्व आरशातल्यासारखे उलटे. पत्र्यावरची चूक दुरुस्त करणे कष्टाचे असल्यामुळे कोणता स्वर कुठे बसणार, याची आखणी काम सुरू होण्यापूर्वीच करावी लागे. लिलीपॉन्डचे वेगळेपण मला या आखणीच्या वृत्तीत दिसते.

चिन्हांच्या टाइपपासून सुरुवात करू. एमेंटालर नावाच्या या टाइपातील फ्लॅटचे, म्हणजे स्वर उतरवणारे, चिन्ह भरदार आहे, कोपरे किंचित गोलसर आहेत आणि ट्रेबल क्लेफ या ओळीच्या आरंभीच्या चिन्हाच्या वळणात जाड-बारीक रेषांचा फरक ठळक आहे. बारीक आणि टोकदार चिन्हे पडद्यावर मोठी करून पाहिली तर देखणी वाटतात. मंद प्रकाशात मात्र ती पाच रेषांच्या जाळ्यात हरवतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हा टाइप आठ वेगवेगळ्या आकारमानांसाठी स्वतंत्रपणे आखलेला आहे. एकच आकृती यंत्रवत लहान केली की तिच्या रेषा नको तितक्या बारीक होतात. येथे लहान आकारातील चिन्हे प्रमाणाने अधिक जाड ठेवली आहेत आणि स्टाफच्या रेषाही त्यांच्याशी वजन राखतात. मजकुरासाठी निवडलेला सेंच्युरी स्कूलबुक घराण्याचा टाइपही तितकाच भारदस्त असल्यामुळे शब्द आणि स्वर एकाच हाताने छापल्यासारखे दिसतात.

स्वरांमधील अंतर हा या साधनाचा सर्वांत मोठा गुण आहे आणि तो दिसत नाही, कारण चांगले अंतर वाचकाच्या लक्षातच येत नाही. स्वराचा काल दुप्पट झाला म्हणून त्याला दुप्पट जागा द्यायची नसते. लिलीपॉन्ड प्रत्येक दुपटीमागे ठरावीक जागेची भर घालते, त्यामुळे दीर्घ स्वर ऐसपैस वाटतात, पण पोकळ वाटत नाहीत. त्यापुढची बारकाई स्वराच्या डोक्याला जोडलेल्या उभ्या दांड्यांची आहे. वर जाणारी दांडी स्वराच्या उजव्या बाजूला असते आणि खाली जाणारी डाव्या बाजूला. त्यामुळे वरच्या दांडीच्या स्वरानंतर खालच्या दांडीचा स्वर आला की दोन दांड्या जवळ येतात आणि अंतर मोजून समान असूनही डोळ्यांना कमी भासते. उलट क्रमात ते जास्त भासते. लिलीपॉन्ड हा दृष्टिभ्रम हिशोबात धरून स्वर किंचित सरकवते. मोजपट्टीला चूक वाटेल असे हे अंतर डोळ्यांना बरोबर वाटते, आणि जलद स्वरांच्या लांब ओळीत लय नजरेला आधीच कळते ती यामुळेच.

बीमच्या, म्हणजे जलद स्वरांच्या दांड्या जोडणाऱ्या जाड पट्टीच्या, बाबतीतही हीच काळजी दिसते. बीमची टोके स्टाफच्या रेषेवर टेकलेली, रेषेला मध्यभागी छेदणारी किंवा तिच्याखाली लोंबणारी अशीच ठेवली जातात, म्हणजे बीम आणि रेषा यांच्यामध्ये पांढऱ्या पाचरी अडकत नाहीत. स्टाफबाहेरच्या स्वराशेजारी शार्प (स्वर चढवणारे चिन्ह) किंवा फ्लॅट आला तर लेजर रेषा, म्हणजे अशा स्वरासाठी काढलेली जादा छोटी रेषा, तेवढ्यापुरती आखूड केली जाते. ओळी कुठे तोडायच्या हे एकेका ओळीपुरते न पाहता साऱ्या ओळींचा एकत्र विचार करून ठरते. शिवाय पान उलटण्याची जागा विरामाशी यावी अशी व्यवस्था मागून घेता येते. एकल वादकाच्या प्रतीसाठी ती प्रत्येकाने मागून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

स्लरपाशी मात्र माझे समाधान कमी होते. प्रत्येक स्लरसाठी अनेक वक्र तपासून सर्वांत कमी दोषाचा वक्र निवडला जातो आणि साध्या वाक्यांशांत निकाल उत्तम येतो. परंतु स्वर एकदम वर चढून खाली आले, किंवा पियानोच्या लेखनात स्लर एका स्टाफवरून दुसऱ्यावर गेला, की वक्राला कुबड येते किंवा तो स्वराच्या डोक्याला खेटतो. अशा वेळी वक्राचे चार नियंत्रणबिंदू आकडे देऊन हलवावे लागतात, पान पुन्हा तयार करून पाहावे लागते, आणि पुढे अंतर बदलले तर ती दुरुस्ती पुन्हा तपासावी लागते. माउसने वक्र ओढून बसवण्याची सवय असलेल्या माणसाला हे जाचक वाटेल आणि त्याची तक्रार रास्त आहे.

याचे मूळ अर्थातच लेखनपद्धतीत आहे. लिलीपॉन्डमध्ये स्वर अक्षरांत आणि आकड्यांत टंकित केले जातात, आज्ञा शब्दांत दिल्या जातात आणि मग पान तयार होते. फ्रेस्कोबाल्डीसारखे मजकूर-संपादनाचे सॉफ्टवेअर वापरले तर मजकूर आणि पान शेजारी शेजारी दिसतात आणि त्रास बराच हलका होतो. तरीही वाद्यावर बसून सुचेल तसे लिहिणाऱ्या रचनाकाराला मी हे साधन सुचवणार नाही. त्याच्यासाठी म्यूझस्कोर आहे. तेही विनामूल्य असून २०२१ सालच्या ३.६ आवृत्तीतील लीलंड टाइपानंतर आणि चौथ्या आवृत्तीतील सुधारित अंतरांनंतर त्याचे पान पूर्वीपेक्षा फार सुधारले आहे. स्टाइनबर्गच्या डोरिकोची पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते. मोठ्या वाद्यवृंदाच्या कामात, जिथे एकाच लेखनातून कित्येक वादकांच्या प्रती काढून त्या हाताने नीटनेटक्या करायच्या असतात, तिथे मी त्याला झुकते माप देईन.

ज्याची संहिता पक्की आहे आणि जे वर्षानुवर्षे वाजवले जाणार आहे, अशा कामासाठी माझी पसंती लिलीपॉन्डला आहे. पहिल्या दिवसापासून एक शिस्त पाळावी : स्वर एका फाइलीत आणि दिसण्याच्या दुरुस्त्या दुसऱ्या फाइलीत ठेवाव्यात, आणि सर्व स्वर भरून ओळींची तोड निश्चित होईपर्यंत एकाही स्लरला हात लावू नये.